शब्द पोचतात, चाल घरी राहते

सांगलीचे माझे मामा त्यांच्या सोसायटीचे सचिव आहेत. अठ्ठेचाळीस सदनिका, आणि निम्म्याहून जास्त सभासद साठीच्या पुढचे. गेल्या वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस मेलने पाठवायची ठरली आणि एका रविवारी सकाळीच मामांचा फोन आला.

“अरे, अक्षर मोठं करा म्हणून सगळे सांगतायत. मी अकराचं चौदा केलं. इंग्रजी मोठं झालं, मराठी आहे तेवढंच. मग वीस केलं. आता वरचा इंग्रजी मथळा दुकानाच्या पाटीएवढा दिसतोय आणि खाली मराठी म्हणजे मुंग्यांची रांग. कॉम्प्युटर बिघडलाय का?”

कॉम्प्युटर धडधाकट होता. आणि हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. कुणी म्हणतं, मी इतकं सुरेख अक्षर निवडलं, ते समोरच्याला दिसलंच नाही. कुणी विचारतं, माझ्या मेलमधला ‘ल’ हिंदी पुस्तकातल्यासारखा का येतो? कुणाचं उत्तर आपोआप निळ्या अक्षरात जातं, कुणाच्या संस्थेच्या छान लेटरहेडच्या जागी समोर नुसती रिकामी चौकट उमटते. या सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. लिहिताना आपल्याला पडद्यावर जे दिसतं तेच उचलून समोरच्याच्या पडद्यावर ठेवलं जातं, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. म्हणून सेटिंगची खिडकी उघडण्याआधी पाकिटात नेमकं काय पडतं ते बघू.

१. पाकिटात काय जातं

हाताने लिहिलेल्या पत्रात शाई, कागद आणि लिहिणाऱ्याचं वळण एकत्रच प्रवास करतात. मेलमध्ये प्रवास करतात ते आकडे. प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक असतो. जगातल्या लिप्यांना असे क्रमांक देणारी युनिकोड नावाची यादी १९९१ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाली, आणि देवनागरी तिच्यात सुरुवातीपासून आहे. ‘नमस्कार’ हा शब्द घ्या. न, म, स, पाय मोडल्याची खूण, क, काना आणि र, असे सात क्रमांक झाले. मेलमध्ये आज सर्रास वापरली जाणारी पद्धत देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला तीन बाइट खर्च करते, म्हणजे आपला नमस्कार एकवीस बाइटांचा. या एकवीस बाइटांत ‘न’चा दांडा किती जाड आहे किंवा ‘र’ला किती गोलाई आहे, यातलं काहीही नसतं.

मग अक्षराचा घाट येतो कुठून? तो फॉन्टमधून येतो, आणि फॉन्ट ही तुमच्या यंत्रावर बसवलेली वेगळी फाइल असते. मेलबरोबर ती फाइल जात नाही. जाते फक्त एक चिठ्ठी : ‘हा मजकूर कोकिळा फॉन्टमध्ये, चौदा आकारात, काळ्या रंगात दाखवावा.’

आपल्या भजनाच्या वह्या आठवा. पानावर अभंगाचे शब्द असतात आणि वर कोपऱ्यात लिहिलेलं असतं, ‘चाल : अमुक’. ज्या मंडळाला ती चाल येते ते त्या चालीत म्हणतं. ज्याला येत नाही ते आपल्याला येणाऱ्या चालीत म्हणतं. शब्द दोन्हीकडे तेच असतात. मेलमधल्या फॉन्टचं नाव म्हणजे वहीच्या कोपऱ्यातली ती ‘चाल’. समोरच्या यंत्राला तो फॉन्ट ठाऊक असेल तर ते ऐकतं, नसेल तर आपल्याजवळचा देवनागरी फॉन्ट घेऊन मोकळं होतं.

कुणाजवळ काय असतं? विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून ‘मंगल’ आला. तो प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी घडवला. अक्षर हाच ज्यांच्या आयुष्याचा विषय होता अशा कलावंताच्या हातचा हा फॉन्ट, आणि पडद्यावरची मराठी कित्येकांनी पहिल्यांदा वाचली ती त्याच्यातच. विंडोज ७ बरोबर ‘कोकिळा’, ‘अपराजिता’, ‘उत्साह’ आले, विंडोज ८ पासून ‘निर्मला यूआय’ आला. यात एक खाच आहे. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा आणि अपराजिता हे जादा फॉन्टांच्या गटात गेले. यंत्रावर मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की ते येतात, एरवी असतीलच असं नाही. निर्मला मात्र कायम असतो. अॅपलच्या यंत्रांवर ‘कोहिनूर देवनागरी’ असतो आणि बहुतेक अँड्रॉइड फोनांवर ‘नोटो’. नोटो हे नावच ‘नो टोफू’वरून पडलं आहे. अक्षर सापडलं नाही की जे रिकामे चौकोन दिसतात त्यांना त्या धंद्यातले लोक टोफू म्हणतात.

तेव्हा मामांनी कोकिळा निवडला आणि सभासदांनी नोटीस फोनवर उघडली, तर बहुतेकांना कोकिळा दिसणार नाही, नोटो दिसेल. त्यात बिघडत काहीच नाही, कारण शब्द पोचले.

युनिकोड रुळण्याआधी मात्र शब्दसुद्धा पोचत नसत. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘राम’ लिहिला तर यंत्राच्या पोटात इंग्रजी जे, के आणि ई ही तीन अक्षरं साठत. फॉन्ट त्यांच्यावर र, काना आणि म यांचे वेश चढवायचा. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर वेश उतरायचे, आणि समोरच्याला रामाऐवजी ‘जे के ई’ वाचावं लागायचं. डीटीपीच्या दुकानातून किंवा जुन्या फाइलींतून आणलेला मजकूर आजही असा असू शकतो. तो मेलमध्ये चिकटवण्याआधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या मजकुरापुढे कुठलीही सेटिंग उपयोगाची नाही.

२. एका पाकिटात दोन पत्रं

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली पहिला मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पाठवला तेव्हा त्यात फक्त साधी अक्षरं होती. पुढची वीस वर्षं साधारण तेच चाललं. १९९२ साली नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी मेलच्या पोटात वेगवेगळ्या प्रकारचे भाग कसे ठेवायचे याचे नियम लिहून काढले. इंग्रजीखेरीजच्या लिप्या, चित्रं, जोडलेल्या फाइली या सगळ्यांना त्यामुळे वाट मिळाली. नव्वदीच्या शेवटी आउटलुक एक्स्प्रेससारखे प्रोग्राम घरोघर पोचले आणि त्यांनी वेबपानासारखा सजवलेला मेल आणला. एचटीएमएल म्हणतात ती हीच भाषा. मजकुरात मधेमधे ‘इथून ठळक’, ‘इथे ठळक संपलं’ अशा खुणा पेरायच्या.

सजवलेला मेल पाठवताना बहुतेक प्रोग्राम पाकिटात दोन प्रती घालतात, एक सजवलेली आणि एक साधी. कुठली दाखवायची ते वाचणाऱ्याचा प्रोग्राम ठरवतो. म्हणजे तुमचं पत्र कुणीतरी रंग, आकार, फॉन्ट यातल्या कशाशिवायही वाचणार आहे. मामांच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : ‘खालील यादीत लाल अक्षरात असलेल्या सभासदांनी थकबाकी भरावी.’ साध्या प्रतीत लाल नसतं. मग थकबाकी कुणाची? मी मामांना प्रत्येक नावापुढे ‘थकबाकी’ हा शब्द लिहायला सांगितला. रंग हवा तर वरून असू द्या, पण अर्थ शब्दांत हवा.

३. इंग्रजीचं खातं वेगळं, मराठीचं वेगळं

आता मामांचा मूळ प्रश्न. आधी ‘डिफॉल्ट’ म्हणजे काय ते पाहू, कारण सगळी गंमत त्यातच आहे. टपरीवर नुसतं ‘एक चहा’ म्हटलं की साखर घातलेला चहा येतो. बिनसाखरेचा हवा तर तसं सांगावं लागतं. न सांगता जे मिळतं ते डिफॉल्ट. मेलचा प्रोग्राम नवं कोरं पत्र उघडतो तेव्हा कुठला फॉन्ट, कुठला आकार घ्यायचा, हे त्याच्याकडे असं आधीच ठरलेलं असतं. प्रत्येक पत्रात पुन्हा पुन्हा आकार वाढवत बसण्यापेक्षा हा ठराव एकदाच बदलणं शहाणपणाचं.

मामांकडे जुन्या धाटणीचं आउटलुक आहे. त्यात फाइल, मग ऑप्शन्स, मग मेल, आणि तिथे ‘स्टेशनरी अँड फॉन्ट्स’ नावाचं बटण. ते दाबलं की तीन वेगवेगळ्या फॉन्टांची बटणं दिसतात : नव्या पत्रासाठी, उत्तर देताना किंवा पत्र पुढे पाठवताना, आणि साध्या मजकुरासाठी. मामांनी पहिलं बटण दाबून अकराचं चौदा केलं होतं. पायरी बरोबर होती. पण त्या खिडकीत दोन कप्पे असतात, आणि त्यांनी वरचाच कप्पा भरला.

वरचा कप्पा ‘लॅटिन टेक्स्ट’ म्हणजे इंग्रजी लिपीसाठी. खालचा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ म्हणजे जुळणीच्या लिप्यांसाठी. इंग्रजी अक्षरं मण्यांसारखी एकापुढे एक ओवली जातात. देवनागरीत ‘क’ला वेलांटी लागते, ‘र’ कधी डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी पायाशी जातो, ‘द’ आणि ‘ध’ एकमेकांत मिसळतात. पहिली वेलांटी तर उच्चारात व्यंजनानंतर येते आणि दिसते त्याच्या आधी. अशी जोडणी लागणाऱ्या लिप्यांना, म्हणजे देवनागरी, अरबी, थाई वगैरेंना, वर्ड आणि आउटलुक वेगळ्या खात्यात ठेवतात. त्या खात्याचा फॉन्ट वेगळा, आकारही वेगळा. एकाच ओळीतल्या ‘एजीएम’ या इंग्रजी अक्षरांना वरच्या कप्प्याचा नियम लागतो आणि शेजारच्या ‘सभा’ या शब्दाला खालच्या. मामांनी इंग्रजी वीसवर नेलं तरी मराठी अकरावर राहिलं ते यामुळे.

“मामा, खाली अजून एक चौकट आहे बघा. तिथे आकार काय दिसतोय?”

“अकरा. अरे, ही चौकट तर मी बघितलीच नव्हती.”

“तिथे फॉन्ट निर्मला यूआय करा आणि आकार चौदा. वरचा पुन्हा अकरावर आणा.”

ही खालची चौकट काहींना दिसतच नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसला तुम्ही मराठीत लिहिता हे ठाऊक नसलं की ती लपलेली राहते. अशा वेळी ऑप्शन्समधल्या ‘लँग्वेज’ पानावर जाऊन लिहिण्याच्या भाषांत मराठी जोडायची, आउटलुक बंद करून पुन्हा उघडायचं.

मराठी चौदा आणि इंग्रजी अकरा असं का सांगितलं? आकाराचा आकडा म्हणजे पॉइंट. बहात्तर पॉइंट म्हणजे एक इंच, म्हणून अकरा पॉइंट म्हणजे कागदावर चार मिलिमीटरला जरा कमी. एवढ्या उंचीत इंग्रजी अक्षराला ऐसपैस बसता येतं. देवनागरीचं घर मात्र तीन मजली आहे. शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा आणि अनुस्वार, मधे अक्षराचा देह, खाली उकार. ‘मूर्तींचं’ हा शब्द लिहून बघा, तिन्ही मजले भरतात. त्यामुळे त्याच आकड्यात देवनागरीचा मधला मजला आखडतो, आणि वाचणाऱ्याची नजर टिकते ती मधल्या मजल्यावरच. मी स्वतः मराठीला इंग्रजीपेक्षा दोन-तीन पॉइंट जास्त देतो. साठीच्या पुढच्या वाचकांसाठी चौदाच्या खाली उतरू नये, असं माझं मत आहे.

एक बारीकशी गोष्ट इथेच सांगतो. आउटलुकमध्ये २००७ पासून बरीच वर्षं डिफॉल्ट असलेल्या कॅलिब्रीत देवनागरी अक्षरं मुळात नाहीतच. २०२३ पासून त्याची जागा ऑफिसमध्ये ‘ॲप्टॉस’ने घेतली. तुम्ही ‘मी मराठीसाठी कॅलिब्री ठेवलाय’ म्हणत असाल, तर तुमच्या डोळ्यांपुढची मराठी अक्षरं दुसऱ्याच कुठल्या तरी फॉन्टने पुरवलेली असतात.

जीमेलमध्ये हे प्रकरण लहान आहे. सेटिंग्जमध्ये ‘जनरल’च्या पानावर ‘डिफॉल्ट टेक्स्ट स्टाइल’ असतं. तिथल्या यादीतले सगळे फॉन्ट इंग्रजीचे, त्यामुळे मराठीच्या घाटावर त्यांचा परिणाम होत नाही, पण आकार आणि रंग लागू पडतात. बदल केल्यावर पान अगदी तळापर्यंत खाली नेऊन ‘सेव्ह चेंजेस’ दाबावं लागतं. ‘मी बदललं पण राहिलंच नाही’ अशी तक्रार करणाऱ्या दहांतले निदान पाचजण हे बटण दाबायचं विसरलेले असतात, असा माझा अनुभव आहे.

४. उत्तर निळं का जातं?

कारण उत्तराचा ठराव वेगळा आहे. आउटलुकच्या बऱ्याच आवृत्त्यांत उत्तर देतानाचा डिफॉल्ट रंग गडद निळा होता, मूळ पत्र कुठलं आणि उत्तर कुठलं हे ओळखू यावं म्हणून. त्याच खिडकीतलं दुसरं बटण दाबून रंग ‘ऑटोमॅटिक’ करा. आणि नव्या पत्रासाठी खालच्या कप्प्यात जे भरलं तेच इथेही भरा, नाहीतर नोटीस मोठ्या अक्षरात जाते आणि तिच्यावरचा खुलासा पुन्हा बारीक.

‘ऑटोमॅटिक’ मुद्दाम सांगतो आहे. ‘काळा’ निवडला तर चिठ्ठीत ‘काळा’ असं लिहून जातं. ‘ऑटोमॅटिक’ निवडलं तर रंगाचा निर्णय वाचणाऱ्याच्या यंत्रावर सोडला जातो. हल्ली कितीतरी लोक फोनवर काळी पार्श्वभूमी ठेवतात. काही प्रोग्राम तिथे रंग आपणहून उलटवतात, काही उलटवत नाहीत. उलटवला नाही तर काळ्यावर काळं.

५. ‘ल’चा घाट आणि ‘ऱ्या’ची खूण

मराठी माणसाला पडद्यावर टोचणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसणं. दुसरी, ‘दुसऱ्या’च्या जागी ‘दुसर्या’ उमटणं. दोन्ही तक्रारी एकाच दमात केल्या जातात, पण त्यांची कारणं पूर्ण वेगळी आहेत. शब्द आणि चाल यांतला फरक इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

आपला ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेबद्दल जो निर्णय काढला त्यातही हेच घाट धरलेले आहेत. पण युनिकोडच्या यादीत हिंदीचा ल आणि मराठीचा ल यांना क्रमांक एकच आहे, आणि ते योग्यही आहे, कारण अक्षर एकच, वळण दोन. फॉन्ट घडवणारा ज्या वळणाचं चित्र काढतो ते दिसतं. काही फॉन्टांत दोन्ही घाट ठेवलेले असतात, आणि मजकुरावर ‘ही मराठी आहे’ अशी खूण असेल तरच त्यातला मराठी घाट बाहेर येतो. मेलच्या प्रवासात ही खूण बहुधा टिकत नाही. तुम्ही मराठी वळणाचा फॉन्ट निवडून तुमच्या पडद्यावर पाकळीचा ल आणलात तरी समोरच्याच्या फोनवर त्याच्या फॉन्टचा ल दिसणार. तो चालीचा भाग आहे, घरीच राहतो. मला याचं वाईट वाटतं. पण त्यावर तोडगा म्हणून मजकुराचं चित्र करून पाठवणं हा त्याहून मोठा अपाय आहे. त्याचं कारण पुढे येतं.

‘ऱ्या’ची गोष्ट उलटी आहे. ‘सूर्या’तला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, ‘दुसऱ्या’तला र चंद्रकोरीसारखा आडवा पडतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत सगळा फरक तेवढाच. एक जेवायला आलेत, दुसरे स्वयंपाक करतायत. हा घाटाचा फरक नाही, क्रमांकांचा आहे. यादीत नुक्त्याच्या ‘ऱ’ला स्वतंत्र क्रमांक आहे. त्याचा पाय मोडून पुढे ‘य’ किंवा ‘ह’ लिहिला की आडवा र मिळतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर जे या कळीवर र आहे आणि शिफ्टसह त्याच कळीवर ऱ. हा क्रमांक पाकिटात पडतो, प्रवास करतो आणि समोरच्याच्या कुठल्याही धड फॉन्टमध्ये नीट उमटतो. म्हणून ‘दुसर्या’ दिसलं तर फॉन्टला दोष देण्याआधी तो शब्द कसा टंकला गेला ते तपासा.

६. पत्राचा कागद

आता स्टेशनरी. हा शब्द ऐकून काहीजण नाक मुरडतात, मेलला कसला आलाय कागद म्हणून. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे कागद नेहमीच मजकुराआधी बोलत आला आहे. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांवर हळदीकुंकवाची बोटं असायची. पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की घरातली माणसं अक्षर वाचण्याआधीच खाली बसायची. माझ्या आजीला वाचता येत नव्हतं, पण कार्ड हातात घेताना तिचा अंगठा आधी कोपऱ्यावर जायचा.

मेलमध्ये हा कागद आणायचा प्रयत्न आउटलुक एक्स्प्रेसने मनापासून केला. त्यात ‘स्टेशनरी’ची एक पेटीच होती. ‘आयव्ही’ नावाच्या कागदाच्या कडेला वेल होती, ‘सनफ्लॉवर’ होता, ‘लीव्ह्ज’ होता. कागद निवडला की त्याच्याबरोबर फॉन्ट आणि रंगही ठरायचे. प्रत्येक कागद म्हणजे एक लहानशी एचटीएमएल फाइल आणि मागे अंथरायचं एक चित्र.

त्या काळी याची किंमत किती पडायची? भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि पुढची कित्येक वर्षं घराघरांत ते टेलिफोनच्या तारेवरूनच येत होतं. अगदी चांगल्या मोडेमचा वेग छप्पन किलोबिट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त सात किलोबाइट. समजा वेलीचं चित्र साठ किलोबाइटचं आहे. मेलमध्ये चित्र घालताना ते अक्षरांच्या रूपात बदलावं लागतं आणि एक तृतीयांशाने फुगतं, म्हणजे ऐंशी झालं. ऐंशी भागिले सात, अकरा सेकंदांहून जास्त. ‘पोचलो, काळजी नसावी’ या तीन शब्दांसाठी फोनची तार अकरा सेकंद अडकायची, आणि बिल चालू.

पैशापेक्षा गंभीर गोष्ट १९९९ साली घडली. ‘काक’ नावाचा एक किडा आउटलुक एक्स्प्रेसच्या सहीत लपून पसरला. मेलला काही जोडलेलं नसायचं, पत्र नुसतं उघडलं तरी लागण व्हायची. सजावटीच्या खुणांमध्ये आज्ञाही दडवता येतात, हे त्यातून सगळ्यांच्या लक्षात आलं. मेलचे प्रोग्राम त्यानंतर हळूहळू कडक होत गेले. आउटलुकने २००३ च्या आवृत्तीपासून बाहेरून आणायची चित्रं आपणहून अडवायला सुरुवात केली. संस्थेच्या लेटरहेडच्या जागी रिकामी चौकट दिसते ती यामुळे. चित्र पाकिटात नसतं, वेबवरून आणायचं असतं, आणि वाचणाऱ्याने परवानगी दिल्याशिवाय प्रोग्राम ते आणत नाही.

म्हणून माझा आग्रह असा : लेटरहेड अक्षरांचं असावं. सोसायटीचं नाव जरा मोठं आणि ठळक, खाली नोंदणी क्रमांक आणि पत्ता, त्याखाली एक रेघ. सगळं टंकलेलं. बोधचिन्ह हवंच असेल तर लहान आणि पाकिटातच घातलेलं. असं केलं की नोंदणी क्रमांक शोधून सापडतो, पत्ता उचलून दुसरीकडे चिकटवता येतो. आणि ज्यांना दिसत नाही अशा सभासदांचा पडदावाचक प्रोग्राम तो मोठ्याने वाचून दाखवतो. चित्रातली अक्षरं त्याला बहुधा मुकी असतात. तरीही अख्खी नोटीस स्कॅन करून चित्र म्हणून पाठवणाऱ्या संस्था कमी नाहीत. त्या नोटिशीतला एकही शब्द अंध सभासदापर्यंत पोचत नाही, आणि सभेत मत द्यायचा हक्क त्याचाही तेवढाच असतो.

जुन्या आउटलुकमध्ये असा कागद घरी बनवता येतो. नवं पत्र उघडायचं, वर लेटरहेड टंकायचं, खाली ‘सप्रेम नमस्कार, वि. वि.’ पर्यंत मायना लिहायचा, आणि ‘सेव्ह अॅज’ करून एचटीएमएल प्रकारात ठेवायचं. ठेवण्याची जागा नेमकी हवी : तुमच्या खात्याच्या ‘ॲपडेटा’मधल्या ‘रोमिंग’मध्ये, ‘मायक्रोसॉफ्ट’च्या आत, ‘स्टेशनरी’ नावाचा फोल्डर. मग ‘न्यू आयटम्स’, ‘ई-मेल मेसेज यूझिंग’, ‘मोअर स्टेशनरी’ या वाटेने तो कागद निवडता येतो. थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये याच कामासाठी पत्र ‘टेम्प्लेट’ म्हणून जपून ठेवतात. जीमेलमध्येही टेम्प्लेटची सोय आहे, पण ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंग्जमध्ये जाऊन ती आधी सुरू करावी लागते.

मागे अंथरायची चित्रं आणि पिवळे-गुलाबी कागद मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. ते काही ठिकाणी दिसतात, काही ठिकाणी गळून पडतात. आणि गळून पडले की गडद कागदावर शोभावीत म्हणून निवडलेली पांढरी अक्षरं पांढऱ्या पडद्यावर नाहीशी होतात.

७. वाचणाऱ्याच्या हातात काय आहे

आतापर्यंत लिहिणाऱ्याची बाजू झाली. चाल जर शेवटी वाचणाऱ्याचीच चालणार असेल, तर त्याने ती आपल्याला सोयीची करून घ्यावी. थंडरबर्ड यात सर्वांत उदार आहे. सेटिंग्जमध्ये ‘जनरल’, तिथे ‘फॉन्ट्स अँड कलर्स’, मग ‘ॲडव्हान्स्ड’. वरच्या यादीतून ‘देवनागरी’ निवडा आणि फक्त देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार ठरवा. ‘मिनिमम फॉन्ट साइज’ सोळा केलं की कुणी कितीही बारीक लिहिलं तरी अक्षर सोळाखाली जात नाही. ‘अलाउ मेसेजेस टू यूझ अदर फॉन्ट्स’समोरची खूण काढली की पाठवणाऱ्याच्या चिठ्ठीतलं फॉन्टचं नाव बाजूला राहतं आणि सगळी पत्रं तुमच्या पसंतीच्या अक्षरात येतात. मराठी वळणाचा ल ज्यांना प्यारा आहे त्यांनी तो आपल्या यंत्रावर असा आणावा. आलेलं प्रत्येक मराठी पत्र मग त्याच वळणात दिसेल, पाठवणारा कुणीही असो.

आणि लिहिताना थंडरबर्डचा डिफॉल्ट फॉन्ट ‘व्हेरिएबल विड्थ’ असतो, म्हणजे तो चिठ्ठीत नाव लिहीतच नाही. ‘यूझ रीडर्स डिफॉल्ट कलर्स’ ठेवलं तर रंगही वाचणाऱ्याचे. ओळखीच्या माणसांना साधी मराठी पत्रं लिहायची असतील तर मला ही व्यवस्था सर्वांत आवडते.

८. पाठवण्याआधी एक चाचणी

सगळं ठरवून झालं की एक पत्र स्वतःलाच पाठवा आणि ते संगणकावर, ब्राउझरमध्ये आणि फोनवर उघडून बघा. मी चाचणीसाठी हे वाक्य वापरतो : ‘दुसऱ्या मजल्यावरच्या ज्ञानेश्वरी वाचनाला लक्ष्मी, शकुंतला आणि कौस्तुभ सुट्टीतही वर्षानुवर्षं येतात.’ ‘ऱ्या’ आडवा आहे का, ‘ट्टी’ जोडली गेली आहे की मधे पाय मोडलेला दिसतोय, ‘र्षं’वरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढलेत का, ‘स्तु’चा उकार खालच्या ओळीला चिकटतोय का, एवढं बघायचं. उकार चिकटत असेल तर ओळींमधलं अंतर थोडं वाढवायचं.

मामांनी हे वाक्य तीन ठिकाणी उघडलं. संगणकावर निर्मला, बायकोच्या फोनवर नोटो, मुलीच्या अॅपलवर कोहिनूर. तीन चाली, शब्द जिथल्या तिथे. मग त्यांनी नोटीस पाठवली आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला.

“तळमजल्यावरच्या काकूंनी फोनवर वाचली रे. चष्म्याशिवाय. म्हणाल्या, विषय क्रमांक चारमध्ये पाणीपट्टीची बेरीज चुकलीय.”